बासष्ट बंदुका

१

दर वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, डेलमर प्रूइट तंबाखूच्या कोठारात जाऊन बंदुकांची तोंडं तपासायचा. कधी साठ असायच्या, कधी सत्तर. या वर्षी बासष्ट होत्या. बावीस वर्षं हे चाललं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली बॅलार्ड मिलची लढाई होऊन दीडशेच्या वर वर्षं उलटली, पण गावानं ती काही सोडली नव्हती, गाव ती दर वर्षी लुटुपुटीनं पुन्हा लढायचं. तीच गिरणी, तोच ओढा, तेच निळे डगलेवाले आणि समोर करडे डगलेवाले. एरवी कुणी टपाल वाटतं, कुणी खत विकतं, कुणी दातांच्या दवाखान्यात बसून नावं लिहून घेतं. शनिवार-रविवारच्या या दोन दिवसांत मात्र सगळे शिपाई होतात, मरतात, आणि बिगूल वाजला की कपडे झटकून उठतात.

डेलमर कधी मरत नसे. तो निळ्या कंपनीचा दारूगोळा सार्जंट होता, आणि पडलेले सगळे बिगुलावर उठावेत हे बघणं त्याचं काम. बंदुका ठासणीच्या, जुन्या नमुन्याच्या. लढाईत नळीत नुसती दारू ओतायची. कागद नाही, गोळी नाही, आणि ठासायचा गज तर मैदानावर कुणी बाहेर काढायचाच नाही, कारण नळीत विसरलेला गज उडाला तर समोरच्याच्या आरपार जातो. म्हणून आधी तपासणी. शिपाई बंदूक पुढं धरतो, डेलमर गज नळीत सोडतो आणि कान देतो. नळी रिकामी असली तर लोखंडावर लोखंड आपटून ‘टण्ण’ वाजतं. मग तो म्हणतो, ‘साफ,’ आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर पिवळ्या खडूनं खूण करतो. आत काही असलं तर आवाज बसका येतो. मग तो म्हणतो, ‘बाहेर,’ आणि तो माणूस त्या दिवशी मैदानात उतरत नाही. या दोन शब्दांपुढं कॅप्टनचंही काही चालत नसे. मात्र ते ज्याच्या हातात खडू असेल त्यानंच म्हणायचे, दुसऱ्या कुणी नाही.

खडू डेलमरच्या गॅरेजातला होता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. टायरवर खुणा करायचा तो मेणचट पिवळा खडू पावसानंही जात नाही.

आणखी एक होतं. तपासताना डेलमर कुणाचा चेहरा बघत नसे. आधीच्या म्हाताऱ्या सार्जंटनं त्याला तसंच शिकवलं होतं. चेहरा बघितलास की ओळख निघते, ओळख निघाली की गप्पा निघतात, आणि गप्पांत कान जातो. तोंड बघ नळीचं, हात बघ, पुढं सरक.

कानाचीच तर सगळी गोम होती. गेली तीन वर्षं डेलमरला ते ‘टण्ण’ ऐकू येत नव्हतं. लेक्सिंग्टनच्या कानाच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की वरच्या पट्टीतले आवाज गेले ते गेले, खालचेही जेमतेम उरलेत. समोरून नीट बोललेलं कळायचं, तेही ओठांकडं बघून. गज नळीच्या तळाला आपटला की बोटांना झिणझिणी येते, त्या झिणझिणीवर तो ‘साफ’ म्हणत होता. कुणाला सांगितलं नव्हतं. बायको, लुएला, जाऊन सहा वर्षं झाली होती, गॅरेज सुटून चार. हे सार्जंटपण गेलं तर मागं उरणार होती एक खुर्ची आणि एक टीव्ही. त्याला स्वतःची लाज वाटायची, पण त्या खुर्चीची भीती जास्त वाटायची.

२

त्या शनिवारी तो कोठाराच्या दाराशी खडू शोधत खिसे चाचपत होता, तेवढ्यात कोरीन आली. ही त्याची एकुलती मुलगी. वय चौतीस, काउंटीच्या पाणीखात्यात मीटर वाचायची आणि कुत्र्यांना घाबरायची नाही. दर वर्षी ती निळ्या रांगेत असायची. आज अंगावर करडा डगला होता.

“बघ बाबा, कशी दिसते तुझी फितूर पोरगी,” ती त्याच्या समोर येऊन, तोंड मोठं करून म्हणाली. “त्यांची दहा माणसं कमी पडली. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझी निघाली.”

“आपल्या घरात आजवर कुणी करडा घातला नव्हता.”

“मग घाल की गोळी. बासष्ट जण आहेत तुझे, मी बरोबर त्यांच्या नाकासमोर उभी असणार आहे.” तिनं त्याच्या टोपीवरचं कुसळ काढून टाकलं. “आणि काल टीव्ही केवढ्यानं लावला होतास? फाटकापर्यंत ऐकू येत होता.”

“सिनेमा चांगला होता.”

“साबणाची जाहिरात चालली होती, बाबा.”

ती हसत गेली. डेलमर आत आला.

कोठार त्याला आवडायचं. वर आडव्या बल्ल्यांवर तंबाखूची पानं टांगलेली, फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आलेल्या, आणि मधोमध छपराला आधार देणारे जाड लाकडी खांब. रांग एका खांबाशी संपत असे. तो पहिल्या माणसापासून सुरू झाला. गज सोडायचा, झिणझिणी, साफ, खूण. हात ओळखीचे होते, शेतकऱ्यांचे, दुकानदारांचे, एक लग्नाची अंगठी रुतलेला. शेवटचे हात हॉलिस टॅकेटचे, गावच्या टपालवाल्याचे, गुबगुबीत आणि सदा ओलसर. साफ. खूण.

त्याच्या पलीकडं आणखी एक नळी पुढं आली. हात काळे होते, दारूनं काळे, आणि उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. डेलमरनं गज सोडला.

थप्प.

आणि ते त्याला ऐकू आलं. बोटांत नाही, कानात. ओल्या पोत्यावर मूठ मारल्यासारखा आवाज, स्वच्छ, जवळचा. तीन वर्षांत गजाचा पहिला आवाज. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्या आनंदात, बावीस वर्षांच्या सवयीनं, तोंडानं ‘साफ’ म्हटलं, हातानं खूण केली, आणि पाय वळले.

दोनतीन पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय ऐकलं.

तो मागं फिरला तर रांग मोडली होती. माणसं दारातून उन्हात चालली होती. त्यानं हॉलिसचा दंड धरला.

“तुझ्या पलीकडं कोण होतं रे?”

“माझ्या पलीकडं?” हॉलिसनं वळून पाहिलं. “खांब.”

“खांबाच्या पुढं?”

“डेलमर, खांबापलीकडं भिंत आहे. जेवलास ना?”

तरी त्यानं दाराशी गाठून शेवटच्या पाचसहा जणांच्या नळ्यांत पुन्हा गज सोडला. सगळीकडं झिणझिणी, सगळ्या रिकाम्या. एकाचेही हात काळे नव्हते. बाहेर कॅप्टन वेंडेल स्लोन, एरवी बी-बियाणं विकणारा, रांग लावायला हात हलवत होता. त्याला थांबव म्हणायचं तर का थांबव ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर कानाचं सांगावं लागणार. शिवाय डॉक्टर म्हणालाच होता की बहिरा कान स्वतःचे आवाज स्वतः तयार करतो. हा तसलाच असणार. डेलमर गप्प बसला.

३

लढाई दोनला सुरू झाली. दोराच्या मागं गाव बसलं होतं, कुणी खुर्च्या आणल्या होत्या, कुणी शीतपेटी. डेलमर निळ्या रांगेच्या पाठीमागून चालत होता, नजर गजांवर. समोर, ओढ्याच्या अलीकडं, करडी रांग. त्यात डावीकडून चौथी कोरीन. टोपी तिला मोठी होत होती.

पहिली फैर झडली. त्याच्या लेखी ती छातीत बसलेला एक धक्का आणि भपकन आलेला पांढरा धूर, एवढीच. रांगेनं दारू ओतायला घेतली. आणि त्या जवळजवळ मुक्या गोंधळात त्याला स्पष्ट ऐकू आलं, थप्प. कुणीतरी ठासत होतं.

तो धावला. सगळे गज जागच्या जागी. कुणाचा काढलेला नाही. कुणी घामानं निथळत होतं, कुणी खोकत होतं, हॉलिस स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता.

दुसरी फैर. थप्प. तिसरी. थप्प. त्यानं स्वतःला बजावलं, कान आहेत म्हाताऱ्या, कान. पण एक गोष्ट त्याला खटकली. आवाज दर खेपेला थोडा वर चढत होता. नळाखाली बाटली भरायला लावली की आवाज कसा चढत जातो, तसा. म्हणजे नळी भरत होती. एकावर एक, एकावर एक, आणि ठासणारा चाप काही ओढत नव्हता.

पाच फैरी झाल्या. पाचव्या फैरीला समोर कोरीन पडली. ठरल्याप्रमाणे पडली, कारण कुणी कितव्या फैरीला मरायचं याच्या चिठ्ठ्या आधीच वाटतात, आणि तिच्या चिठ्ठीत तसं लिहिलं होतं. तरी तिथून पुढं बिगूल होईपर्यंत डेलमरनं दुसरीकडं पाहिलंच नाही. शेवटी मेलेले उठायला लागले. तीही उठली, केसांत गवत, आणि तिनं त्याला लांबूनच जीभ दाखवली.

४

संध्याकाळी मंडपात सगळे जेवायला बसले. मोठ्या कढईत बर्गू रटरटत होता, त्यात कोंबडी, बोकड, मका, घेवडा, जे हाताला लागेल ते. सोबत मक्याचा पाव. डेलमर चमचा नुसता फिरवत होता.

“आवडलं नाही?” कोरीननं विचारलं.

“उद्या नको जाऊस तू मैदानात.”

“का? आज छान मेले की मी. एक बाई रडली म्हणे.”

“डगला आपला नाही तो.”

“बाबा, डगल्याचं सांगू नकोस. खरं काय ते सांग.”

तिचे डोळे थेट लुएलासारखे होते. खोटं बोलायला घेतलं की समोरून असेच बघत राहायचे. डेलमरला वाटलं, सांगून टाकावं. कान गेले, एक बंदूक आपण उगाच पास केली, आणि ती कुणाच्या हातात आहे ते माहीत नाही. त्यानं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात हॉलिस ताट घेऊन बाकावर येऊन बसला, आणि डेलमरनं उघडलेल्या तोंडात पावाचा तुकडा घातला.

“डेलमर, तुझा तो खांब काय म्हणतोय?” हॉलिस म्हणाला. “भरती होतोय का कंपनीत? वर्गणी भरायला सांग त्याला.”

सगळे हसले. कोरीन हसली नाही. ती बापाकडं बघत राहिली.

५

रविवारी सकाळी चर्चमध्ये लढाईतल्या मृतांसाठी प्रार्थना असते. ती संपल्यावर लोक बाहेर कॉफीकडं वळले, आणि डेलमर तळघराचा जिना उतरला.

खाली एकच लांबट खोली. पांढऱ्या भिंती, घड्या घातलेल्या खुर्च्या, पाण्याच्या नळांचा हलका घों घों, जो त्याला ऐकू येत नसे, फक्त तळपायाला कळायचा. कोपऱ्यात काचेची पेटी. आत एक बंदूक. गावातल्या प्रत्येक मुलाला शाळेतून एकदा इथं आणतात. लढाईनंतर ती गिरणीच्या तळ्यात सापडली. नळीत अकरा गोळ्या होत्या, एकीवर एक ठासलेल्या, आणि एकही उडालेली नव्हती. ज्याची होती त्याचं नाव कुणाला सापडलं नाही. पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली पाद्र्याकडं असते.

डेलमर इथं का आला ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. नळी भरत जाते आणि उडत नाही, हे ऐकल्यापासून पेटी डोक्यातून जात नव्हती, एवढंच. त्यानं चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. गंजलेली नळी, किड्यांनी खाल्लेलं लाकूड, कुजका पट्टा. सगळं तसंच होतं.

दस्त्यावर पिवळ्या खडूची खूण होती.

त्यानं काचेला बोट लावून खूण पुसायचा प्रयत्न केला. ती आतल्या बाजूला होती. लांब शेपटीची, शेवटी जराशी खाली वळलेली. त्याचीच. गॅरेजातले लोक त्यावरून त्याची चेष्टा करायचे.

मग त्याचं डोकं धावायला लागलं. हॉलिसनं चेष्टा केली असेल. पण हॉलिसला किल्ली कोण देणार? पाद्र्यानं डागडुजीला बंदूक बाहेर काढली असेल. पण धूळ? पेटीत दस्त्याच्या भोवती बोटभर धूळ होती आणि ती कुठं हललेली नव्हती. तो उभाच राहिला. भीती त्याला वाटत होती, पण त्याहून जास्त दुसरं काही कळत होतं. जे आजवर कुणी साफ म्हटलं नव्हतं, ते आपण साफ म्हटलं. आपल्या तोंडानं त्याला मैदानात जायची परवानगी दिली. काल पाच झाल्या. आज सहा फैरी होत्या, म्हणजे अकरा पुऱ्या.

६

“थांबव,” त्यानं वेंडेलला सांगितलं. कोठाराच्या मागं, घोड्यांच्या गाडीशी दोघंच होते. “आजची लढाई रद्द कर.”

“दोन हजार लोक आलेत, डेलमर. झालंय काय?”

“काल एक भरलेली बंदूक माझ्या हातून साफ म्हणून गेली.”

वेंडेलचा चेहरा उतरला. “कुणाची?”

“माहीत नाही. चेहरा मी बघत नाही.”

“बरं, मग परत तपासू सगळ्या. तुझ्यासारखा कान साऱ्या केंटकीत नाही.”

आता पर्याय नव्हता. डेलमरनं टोपी काढली.

“कान नाहीत मला, वेंडेल. तीन वर्षं झाली. गज वाजलेला ऐकू येत नाही. बोटांवर काम चालवलं मी.”

वेंडेल अगदी हळू, पण डेलमरला ओठ दिसतील असा समोर येऊन म्हणाला, “माझे दोन्ही पुतणे त्या रांगेत असतात. तीन वर्षं तू त्यांना नुसत्या अंदाजानं पाठवत होतास?”

“हो.”

“मग ही भरलेली बंदूक तुला कळली कशी?”

“ऐकू आली.”

“आत्ता म्हणालास ऐकू येत नाही.”

“ती एकच आली.”

हे बोलताना डेलमरला स्वतःलाच कळलं की आपण आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेतली. खरं सांगितलं म्हणून कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. वेंडेलनं हात पुढं केला आणि डेलमरनं खडू त्यावर ठेवला. पेटीचं, दस्त्यावरच्या खुणेचं, त्यानं काढलंच नाही.

तपासायला कुणाला लावायचं यावर फार चर्चा झाली नाही. कोरीन लहानपणापासून बापाच्या मागं फिरत शिकली होती, आणि तिचे कान तरुण होते. तिला बोलावलं, सगळं सांगितलं. ती डेलमरसमोर येऊन उभी राहिली.

“मला सांगायचं होतंस,” ती म्हणाली. “टीव्हीवरून मी तुला इतकं छळलं, तेव्हा तरी.”

“मला खुर्चीत बसायचं नव्हतं.”

“मी बसू दिलं असतं का तुला?” मग ती करडा डगला अंगात तसाच ठेवून, खडू घेऊन आत गेली.

डेलमरला आत यायला मनाई होती. फळ्यांच्या फटीतून त्याला एवढंच दिसलं की ती माणसामागून माणूस पुढं सरकते आहे, मान खाली, नजर नळीवर, थेट त्यानं शिकवल्यासारखी. ओठ हलतात, साफ. हात हलतो, खूण. कुठंही थांबली नाही. खांबाकडचा भाग फटीतून दिसत नव्हता. आवाज त्याला एकही आला नाही. चला, म्हणजे काही नाही, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याला तो चिकटून राहिला.

बाहेर येऊन वेंडेलनं अंगठा वर केला. सगळ्या साफ.

७

तो दोराच्या मागं, लोकांत उभा राहिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारी एक बाई छत्री घेऊन बसली होती आणि तिचा नवरा शेंगदाणे खात होता. पलीकडं करड्या रांगेत कोरीन आपल्या जागी गेली, डावीकडून चौथी.

पहिली फैर. छातीत धक्का. आणि मग, थप्प.

सहावी, डेलमर मनात म्हणाला.

आवाज आता बराच वर आला होता. धूर रांगेवर लोंबकळत होता, आणि त्या धुरातून, हॉलिसच्या पलीकडं, एक गज डोक्यांच्या वर उचलला गेला आणि खाली गेला. ऊन त्यावर चमकलं. मैदानावर कुणी गज काढत नाही.

“गज!” डेलमर ओरडला. हे ओरडलं की लढाई थांबते असा नियम आहे. पण तो नियम दोराच्या आतल्या माणसांसाठी. छत्रीवाल्या बाईनं त्याच्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

सातवी. आठवी. गज आता निम्माच आत जात होता. नववीला डेलमर दोराखालून वाकून आत शिरला. कुणीतरी डगला धरला, त्यानं तो झटकला. गुडघे दुखत होते, गवत ओलं होतं. दहावी. पडलेल्या माणसांना ओलांडत तो चालत राहिला, आणि एक मेलेला त्याला शिव्या घालतोय हे त्याला ओठांवरून कळलं. अकरावी. हा आवाज अगदी वर होता, नळीच्या तोंडाशी. आता जागा उरली नव्हती.

तो धुरात शिरला. दारूचा वास, सडक्या अंड्यांसारखा, आणि त्याखाली तळ्यातल्या चिखलाचा. डावीकडं हॉलिस पुसटसा दिसत होता, खोकत. समोर एक नळी पुढं आली, तपासणीला धरतात तशी. गज तिच्यातून हातभर बाहेर उभा होता. काळे हात. अंगठ्याला नख नाही, आणि त्या जागेतून पाणी ठिबकत होतं. दस्त्यावर त्याची पिवळी खूण.

डेलमरनं मान वर करायचा प्रयत्न केला. बावीस वर्षांच्या सवयीनं ती वर झालीच नाही. किंवा सवय हे निमित्त असेल.

“बाहेर,” तो म्हणाला.

नळी हलली नाही.

“बाहेर. मी चुकलो होतो. बाहेर हो.”

हातांनी बंदूक किंचित फिरवली, सावकाश, समजावल्यासारखी, दस्त्याची दुसरी बाजू दिसेल अशी. तिथं आणखी एक खूण होती. पिवळी, ताजी, आखूड शेपटीची. ती त्याची नव्हती. खडू आता त्याच्याकडं नव्हता, आणि त्याच्या शब्दाला आता काही किंमतही नव्हती.

मग बिगूल वाजला असावा, कारण भोवती माणसं उठायला लागली. वाऱ्यानं धूर थोडा हटला. तिथं फक्त हॉलिस होता, घाम पुसत, आणि त्याच्या पलीकडं गवत. कोरीन मैदान ओलांडून पळत आली, टोपी हातात. तिला धडधाकट बघून डेलमरला रडू फुटलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“काय करतोयस तू? वेडा झालास?” तिनं त्याचे दोन्ही खांदे धरले, तोंड त्याच्या समोर आणलं. “सगळ्या साफ होत्या, बाबा. एकूण एक मी माझ्या कानांनी ऐकली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.”

“बासष्ट,” डेलमर म्हणाला.

“त्रेसष्ट. मोजल्यात मी. हॉलिसच्या पलीकडं होता ना एक, अगदी शेवटी. त्याच्या नळीत गज जरा वर राहिला होता, पण वाजला चांगला.”

“चेहरा बघितलास त्याचा?”

“चेहरा कशाला? तूच तर शिकवलंयस, बघायचा नाही म्हणून.”

तिच्या मागं ओढ्यावर धुराचा शेवटचा पट्टा अजून हटला नव्हता. माणसं हसत होती, एकमेकांच्या पाठी थोपटत होती. त्यातलं काहीच डेलमरला ऐकू येत नव्हतं. ऐकू आला तो बंदुकीचा घोडा मागं ओढल्याचा आवाज, आधी अर्धा, मग पुरा. कट. कट. स्वच्छ आणि जवळचा.

त्यानं कोरीनला धरून गर्रकन फिरवलं, आपली पाठ धुराकडं केली आणि तिला छातीशी आवळलं.

“बाहेर म्हण,” तो तिच्या कानात म्हणाला. “खडू तुझ्याकडं आहे. लवकर. बाहेर म्हण.”

तिनं मान मागं करून त्याच्याकडं पाहिलं, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

“कुणाला, बाबा?” तिनं विचारलं.

नाव कुणाला सापडलं नव्हतं, चेहरा दोघांनीही बघितला नव्हता, आणि हे काही त्याला सांगता येईना.